खोली क्रमांक २८०६ आणि माझी ट्रॉली

१४ मे, रात्री साडेअकरा

संध्याकाळी नणंदेचा फोन होता. ती फ्रान्समध्ये, ल्योंला असते. स्वयंपाक करताना मला स्पीकरवर टाकते, त्यामुळे अर्धं बोलणं कुकरच्या शिट्टीत जातं. आज विषय तिकडची २०२७ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. "वहिनी, मॅक्राँना आता उभं राहता येत नाही, लागोपाठ दोनच टर्म. मग कोण?" तिने पाच नावं घेतली, प्रत्येकाच्या टक्क्यांसकट. तिकडे निवडणुकीच्या दीड-दोन वर्षं आधीपासून हा खेळ सुरू होतो. आपल्याकडे हापूसची पेटी कधी उतरेल यावर जशी चर्चा रंगते तशी. फ्रेंचमध्ये त्यासाठी खास शब्द आहे, 'प्रेझिदांस्याब्ल', राष्ट्राध्यक्ष होण्याजोगा. आपला 'उपवर' याच घडणीचा. मुलगा अजून कुठे बघायला गेलेलाही नसतो, पण लोकांनी मांडव घातलेला असतो.

फोन ठेवला आणि तारखेकडे लक्ष गेलं. मग कपाटातून २०११ ची वही काढली.

त्या वर्षी १४ मेला शनिवार होता. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान सुटायला थोडी मिनिटं उरली असताना पोलिसांनी एका प्रवाशाला खाली उतरवलं. दोमिनिक स्ट्रॉस-कान, वय ६२, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख. २०१२ च्या निवडणुकीसाठी समाजवादी पक्षाने अजून कोणालाच निवडलेलं नव्हतं, यांनी उभं राहणार असंही म्हटलेलं नव्हतं, पण जनमत चाचण्यांत ते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या बरेच पुढे होते. आरोप असा की मॅनहॅटनच्या सोफिटेल हॉटेलात, २८०६ नंबरच्या स्वीटमध्ये, खोली साफ करायला आलेल्या बाईवर त्यांनी लैंगिक जबरदस्ती केली. ती मूळची पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीची. खोली रिकामी आहे असं समजून आपण आत गेलो, असं तिचं म्हणणं.

आणि ते सापडले कसे, तर स्वतःच्याच फोनमुळे. मोबाइल राहिलाय, बघता का, म्हणून त्यांनीच हॉटेलला फोन केला आणि बोलता बोलता आपण विमानतळावर असल्याचं सांगितलं. हे वाचलं की मला दर वेळी लॉस्ट अँड फाउंडचं रजिस्टर आठवतं. ते रजिस्टर हाउसकीपिंगच सांभाळतं. गेस्टचा चार्जर, कवळी, लग्नाची अंगठी, सगळ्याची नोंद आम्ही करायची. आमच्या वस्तूंची नोंद कुठे होते, कोण जाणे.

वहीत १७ मेचं पान आहे. (त्यातला डीएसके म्हणजे स्ट्रॉस-कान, नावाची आद्याक्षरं; ओब्री आणि ओलाँद हे त्यांच्याच पक्षाचे नेते.) अक्षर गिचमीड, उत्साह ओसंडून वाहणारा: "क्लासमध्ये धमाल. डीएसके पकडला!! (पुण्यात डीएसके म्हटलं की घरांच्या जाहिराती, त्यामुळे हशा.) सर म्हणाले सार्कोझीचा डाव. मी म्हटलं आता मार्तीन ओब्री. मंदार म्हणतो ओलाँद. मिसळीची पैज."

तेव्हा मी हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत टिळक रोडजवळ एका सरांकडे फ्रेंच शिकायला जायचे, कारण किचनचे निम्मे शब्द फ्रेंच आणि उच्चार सगळ्यांचे भयंकर. सर पॅरिसला काही वर्षं राहून आलेले. पांढरा झब्बा, कडक चहा. ते म्हणाले, "अरे, फ्रान्समध्ये याला लफडं म्हणतात, गुन्हा नाही म्हणत. आणि हा माणूस कुठे पकडला जातो बघा, निवडणूक एका वर्षावर आलेली असताना! हा योगायोग?" आम्ही सगळे भराभर माना डोलावल्या. दोन तास नुसतं गणित चाललं होतं. कुणाला फायदा, कुणाला तोटा, अतिउजवी ल पेन किती टक्क्यांवर जाईल.

सर एकटे नव्हते. त्याच आठवड्यात सीएसए या संस्थेची पाहणी आली. ५७ टक्के फ्रेंच लोकांना वाटत होतं की हे कारस्थान आहे. समाजवादी पक्षाच्या समर्थकांत हेच प्रमाण ७० टक्के. घटनेला जेमतेम तीन दिवस होत होते. पुरावा कोणीच पाहिलेला नव्हता. पण कोणाची खुर्ची हुकली हे सगळ्यांना दिसत होतं, आणि कारस्थान शोधायला तेवढं पुरतं.

पक्षाचे माजी मंत्री जाक लांग टीव्हीवर म्हणाले, कोणाचा जीव तर गेला नाही ना. जाँ-फ्रांस्वा कान नावाचे बुजुर्ग पत्रकार रेडिओवर म्हणाले, हे म्हणजे 'त्रुसाज द दोमेस्तीक'. याचं मराठी करायला जीभ रेटत नाही. मालकाने मोलकरणीचा घागरा उचलण्यासाठी भाषेत एक सुटसुटीत शब्द आहे आणि तो जरा खट्याळ मानला जातो, एवढं सांगते. कान यांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली आणि पत्रकारिता सोडली. पण शब्द ओठावर आयता होता, हे उरलंच.

आपल्याकडे असे आयते शब्द कमी नाहीत. रंगेल. शौकीन. बाईचा नाद. पाय घसरला. यातल्या एकातही समोर दुसरं कोणी माणूस आहे असं वाटत नाही, पाय घसरायला ओली फरशी पुरते. आणि कायद्याच्या भाषेत गेलात तर 'विनयभंग'. म्हणजे जे मोडलं ते तिचं, आणि मोडलं ते काय, तर विनय! तिचा हात पिरगाळला असेल, त्याचा उल्लेख नाही.

मला सगळ्यात गमतीची, म्हणजे गंमत नव्हे पण दुसरा शब्द सुचत नाही, गोष्ट वाटते ती पोर्शेची. अटकेच्या दोन-सव्वादोन आठवडे आधी स्ट्रॉस-कान पॅरिसमध्ये एका पोर्शे गाडीत बसताना फोटोत सापडले. समाजवादी माणूस आणि पोर्शे! केवढा गदारोळ. यामुळे उमेदवारी अडचणीत येईल का, यावर अग्रलेखांचे रकाने भरले. मात्र २००७ मध्ये, ते नाणेनिधीवर जायच्या आधी, लिबेरासिओं या दैनिकाच्या जाँ कात्रमेर या पत्रकाराने स्पष्ट लिहिलं होतं की या माणसाची खरी अडचण बायकांशी वागण्यात आहे, ते छळाच्या काठावर जातं. त्याच वर्षी त्रिस्तान बानों ही तरुण लेखिका एका टीव्ही कार्यक्रमात, जेवणाच्या टेबलाभोवती, आपल्यावर काय ओढवलं होतं ते सांगत होती. स्ट्रॉस-कान यांचं नाव बीप करून टाकलं आणि बाकीचे पाहुणे पुढचा घास घेत राहिले. २००८ मध्ये नाणेनिधीतल्याच एका अर्थतज्ज्ञ बाईशी संबंधांवरून चौकशी झाली. त्या बाईने चौकशी करणाऱ्यांना लेखी कळवलं की बायका हाताखाली असतात अशा संस्थेचं प्रमुखपद या माणसाकडे असावं का, हाच प्रश्न आहे. संचालक मंडळाने 'निर्णयातली गंभीर चूक' म्हटलं, पदाचा गैरवापर नाही म्हटलं, आणि काम पुढे चालू. यातलं काहीही चाचण्यांच्या टक्क्यांना लागलं नाही. पोर्शे लागली.

मग फोटो. बेड्या घातलेले, दाढी वाढलेले, दोन्ही बाजूंना पोलीस. फ्रान्समध्ये २००० च्या कायद्याने दोषी ठरण्याआधी माणसाला बेड्यांत दाखवायला मनाई आहे, म्हणून तिकडे संताप उसळला. मला तो कायदा चांगला वाटतो, खरंच. पण त्याच फ्रेंच वृत्तपत्रांनी त्या बाईचं नाव बिनदिक्कत छापलं, जे अमेरिकेतली बहुतेक मोठी वर्तमानपत्रं तेव्हा राखून होती. पुढे जुलैमध्ये ती स्वतःहून समोर आली, ते वेगळं.

खटला उभा राहिलाच नाही. १ जुलैला सरकारी वकिलांनीच न्यायालयात सांगितलं की तक्रारदार बाईच्या विश्वासार्हतेची पंचाईत आहे. आश्रयासाठी केलेल्या अर्जात तिने खोटं लिहिलं होतं, घटनेनंतरच्या काही मिनिटांत ती कुठे होती याचे तपशीलही बदलत गेले होते. २३ ऑगस्टला सगळे आरोप मागे घेतले गेले. सप्टेंबरात स्ट्रॉस-कान फ्रेंच टीव्हीवर म्हणाले, जबरदस्ती नव्हती, चूक झाली ती नैतिक. डिसेंबर २०१२ मध्ये दिवाणी दावा ब्राँक्सच्या न्यायालयात तडजोडीने मिटला, रक्कम गुप्त. बानोंनीही २०११ मध्ये तक्रार केली. पॅरिसच्या सरकारी वकिलांनी सांगितलं की बलात्काराच्या प्रयत्नाचा पुरावा पुरेसा नाही, लैंगिक हल्ला म्हणता येईल असं घडल्याचं दिसतं, पण त्याची तीन वर्षांची मुदत कधीच उलटून गेली आहे. तेव्हा लिहून ठेवते, उद्या मीच विसरू नये म्हणून: कोणत्याच न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेलं नाही. त्या दिवशी २८०६ मध्ये काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी त्या खोलीबद्दल लिहीतच नाहीये. मी त्या क्लासबद्दल लिहितेय, जिथे दोन तासांत 'खोली' हा शब्द एकदाही आला नाही.

१ जुलैनंतर काय झालं आठवतं? ते परत येतील का! समाजवादी पक्षात उमेदवारीचे अर्ज भरायची मुदत १३ जुलैला संपत होती, ती पुढे ढकलावी असं काही जण म्हणू लागले. नवरदेवासाठी मुहूर्त थांबवतात तसं. आणि वर्ष संपताना एका पाहणीत फ्रेंचांनी 'वर्षाची स्त्री' म्हणून निवड केली ती आन सँक्लेअर यांची, म्हणजे स्ट्रॉस-कान यांच्या तेव्हाच्या पत्नीची. जामिनाचे पैसे त्यांनी उभे केले, न्यूयॉर्कमध्ये महाग घर भाड्याने घेतलं, आरोप मागे घेतले जाईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. स्वतः नावाजलेल्या पत्रकार. क्रिस्तीन लगार्द त्याच वर्षी नाणेनिधीच्या त्याच खुर्चीवर बसणारी पहिली स्त्री ठरली, ती मागे पडली. वटपौर्णिमा फक्त आपल्याकडेच असते असं उगीच वाटायचं मला.

पैज मी हरले. ऑक्टोबरात ओलाँदने ओब्रींना हरवलं, पुढच्या मेमध्ये सार्कोझींना. मंदारला मिसळ आणि वर ताक पाजलं.

आता दुसरं पान. तीच वही, फेब्रुवारी २०११. मुंबईत एका मोठ्या हॉटेलात माझं इंडस्ट्रियल ट्रेनिंग चालू होतं. नाव लिहीत नाही. संध्याकाळची टर्न-डाउन सर्व्हिस, म्हणजे पलंगावरची चादर एका कोपऱ्याने दुमडायची, पडदे ओढायचे, उशीवर चॉकलेट ठेवायचं. तीनदा टकटक, तीनदा "हाउसकीपिंग". आतून काही आलं नाही. मास्टर कीने दार उघडलं तर गेस्ट आतच, बाथरोबमध्ये. मी सॉरी म्हणून मागे फिरले तर म्हणाला, करून जा, करून जा. करून निघाले तर मनगट धरलं. "बस ना, पाच मिनिटं." हसत होता. मी ओरडले नाही. मी म्हटलं, "सर, एक्स्ट्रा टॉवेल्स आणते." आजही त्या वाक्याचा मला अभिमान वाटतो आणि लाजही वाटते, दोन्ही एकदम. मनगट सुटलं. ट्रॉली तिथेच सोडून मी पँट्रीत गेले.

फ्लोअर सुपरवायझर मॅडम मालवणच्या. मायेची बाई. त्यांनी मला स्टूलवर बसवलं, पाणी दिलं, पर्समधली आवळा सुपारी दिली. आणि मग पहिला प्रश्न: "कुठली रूम?" मी नंबर सांगितला. त्यांनी शीटवर बोट फिरवलं. बोट थांबलं. "अगो बाय, ते होय. ते दर महिन्याला येतत." काय झालं, हा प्रश्न त्यानंतर आला नाही. यायला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी ड्यूटी लॉबीत, आणि त्या मजल्यावर एक मुलगा पाठवायला लागले. गेस्ट आपल्या खोलीतच.

वहीत त्या दिवशी मी काय लिहिलंय? "लॉबीत बदली. पाय कमी दुखतात. आईला फोन." संपलं.

फेब्रुवारी आणि मे. मध्ये तीन महिनेही नीट गेले नव्हते. टिळक रोडवरच्या त्या क्लासात हाउसकीपिंगची ट्रॉली ढकललेली मी एकटीच होते, आणि मी ओब्रींच्या टक्क्यांवर वाद घालत होते. ते मनगट माझ्या डोक्यातही आलं नाही. सरांचं, जाक लांगचं, मालवणच्या मॅडमचं सगळं ठीक आहे, पण मॅडमची ती शीट मीही हातात धरून बसले होते. माणूस केवढा आहे ते आधी बघू, मग पुढचं.

हॉटेलातल्या बायकांनी मात्र तसं केलं नाही. ६ जून २०११ ला स्ट्रॉस-कान न्यायालयात आले तेव्हा बाहेर न्यूयॉर्कच्या हॉटेल कामगार बायका युनिफॉर्म घालून उभ्या होत्या आणि "लाज वाटू दे" म्हणून ओरडत होत्या. पुढच्या वर्षी त्यांच्या युनियनने हॉटेलांशी केलेल्या करारात खोल्या साफ करणाऱ्यांना पॅनिक बटण द्यायचं ठरलं. लहानसं, खिशात मावणारं. राष्ट्राध्यक्ष कोण होतो याच्याशी त्या बटणाचा काही संबंध नाही, म्हणूनच बहुतेक ते कुठल्या अग्रलेखात आलं नाही.

आता मी शिकवते. उद्या नव्या बॅचला गेस्ट रूममध्ये शिरण्याची पद्धत दाखवायची आहे. पुस्तकात अर्धं पान आहे. मी दोन तास घेते. ट्रॉली दारात आडवी लावायची, पण आपल्याला बाहेर पडायला फट ठेवून. दार पूर्ण उघडं, खाली स्टॉपर. खोलीत गेस्ट असेल तर आत जायचंच नाही, "नंतर येते" म्हणायचं, त्याने आग्रह केला तरी. मागच्या बॅचमधल्या साताऱ्याच्या एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, पण दार उघडं ठेवलं की एसी वाया जातो म्हणून ओरडतात, मग?"

मी म्हटलं, ओरडू देत.

नणंदेचा आत्ता मेसेज आला, नवी पाहणी आलीय म्हणे, पहिले दोघे अगदी चुरशीत. सकाळी बघेन. सातला लॅब उघडायची आहे आणि ट्रॉलीचं एक चाक करकरतंय, त्याला तेल घालायचंय.