जागलीला जाताना कमरेला काडतुसं किती?

तूर शेंगांवर आली, हरभरा घाट्यात शिरला, की जनावरांपासून पीक राखायला रात्रीच्या जागली सुरू होतात. ज्याच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक आहे तो ती खांद्याला लावून वावरात जातो, आणि निघताना हात डब्यात घालून मूठभर काडतुसं खिशात टाकतो. मूठ म्हणजे किती? कधी पाच, कधी अकरा. मोजून नेणारे थोडेच.

आधी दोन आकडे वेगळे करू. पहिला परवान्यावरचा: एका वेळी जवळ किती ठेवता येतील आणि वर्षाला किती विकत घेता येतील. तो आकडा म्हणजे छत. घरातल्या कपाटातली, खिशातली, जुन्या कोटात विसरलेली, सगळी त्याच हिशोबात धरली जातात. दुसरा आकडा कमरेचा, आणि तो तुमचा तुम्हालाच ठरवायचा आहे. परवान्यावर आहेत म्हणून तेवढी वावरात न्यायची, हा हिशोब चुकीचा.

कमरेचा आकडा भीतीवरून काढला तर तो वाढतच जातो. तो वेळेवरून काढा. बिथरलेलं रानडुक्कर ताशी चाळीसेक किलोमीटरने येतं, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. बिबट त्याहून वेगात, सेकंदाला पंधरा-सोळा मीटर. टॉर्चच्या उजेडात जनावर तीस मीटरवर दिसलं, तर तुमच्या हाती दोन ते तीन सेकंद आहेत. दुनळी उघडायची, रिकामी टरफलं काढायची, दोन नवी भरायची, बंद करायची, खांद्याला लावायची. सरावाच्या हातालाही दिवसाउजेडी यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि रात्री थंडीने बोटं आखडलेली असताना तर विचारूच नका. म्हणजे अंगावर आलेल्या जनावरापुढे तुमच्याकडे दोनच काडतुसं आहेत, नळीत असलेली. कमरेला पाच असोत की पंचवीस, त्या क्षणी फरक शून्य.

मग जादा काडतुसं कशाला? नंतरच्या वेळेसाठी. एखादं फुसकं निघालं, एखादं अंधारात धुऱ्यावर पडलं, दोन्ही बार वाया गेले आणि जनावर पऱ्हाटीत शिरून दबून बसलं. आता माणसं येईपर्यंत भरलेली बंदूक हाती ठेवायची आहे, किंवा अर्धा कोस पांदणीने घरी परतायचं आहे. एवढ्याचा हिशोब केला तर दुनळीला नळीत दोन आणि कमरेला चार पुरतात. दोन भरायला, दोन फुसक्या-पडक्यांच्या भरपाईला. एकनळी असेल तर एक अधिक पाच. एकूण सहाच्या वर जाण्याचं कारण वावरात क्वचितच सापडतं. सातवं काडतूस न्यावंसं वाटलं तर त्याऐवजी टॉर्चचा जादा सेल न्या, आणि जमलं तर दुसरा टॉर्चच न्या. अंधारात न दिसणाऱ्या जनावरावर काडतुसांचा ढीग काही कामाचा नाही.

जास्त नेण्याचा तोटाही आहे. बारा बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तशी नळी अरुंद) एक काडतूस चाळीस ते पन्नास ग्रॅमचं. वीस नेली तर किलोच्या आसपास वजन खिशात लोंबतं आणि त्यात किल्ल्या, सुपारीची डबी, टॉर्चचे सेल मिसळतात. त्याहून वाईट म्हणजे काडतुसांचीच मिसळ. घरात आजोबांची सोळा किंवा वीस बोअरची बंदूक असेल तर तिचं एकही काडतूस बाराच्या डब्यात जाता कामा नये. वीस बोअरचं काडतूस बाराच्या नळीत घातलं तर ते चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या घरातून, पुढे घसरून अडकतं. बंदूक उघडून बघणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं, तो वर बाराचं भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो. वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याची पद्धत याचसाठी पडली. सहा काडतुसं बोटांनी एकेक चाचपून घेता येतात, वीस घेता येत नाहीत.

लांबीचाही असाच घोळ होतो. जुन्या बंदुकांची चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असतात. आता बाजारात ७० मिलिमीटरची काडतुसं बरीच मिळतात. ती जुन्या बंदुकीत बिनबोभाट बसतात, कारण काडतुसाची लांबी तोंड उघडल्यानंतरची धरतात आणि न उडालेलं काडतूस त्याहून आखूड असतं. बार उडाला की दुमडलेलं तोंड पुढे उघडायला जागा मिळत नाही, ते नळीच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. बंदूक लगेच फुटेलच असं नाही, पण सांधे ढिले होत जातात. नळ्यांच्या खालच्या बाजूला चेंबरची लांबी कोरलेली असते, ती वाचा. वाचता येत नसेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या.

कोणती काडतुसं, हा प्रश्न किती याच्याइतकाच मोठा आहे. एल.जी. म्हणजे नऊ मिलिमीटरच्या आसपासचे जाड छर्रे, औंसाला (सुमारे अठ्ठावीस ग्रॅमला) साधारण सहा. सहा नंबरचे छर्रे औंसाला पावणेतीनशेच्या घरात. जीव वाचवायचा असेल तर एल.जी. किंवा त्याहून जरा बारीक एस.जी. लागतं. सहा नंबर पाखरांसाठी आहे, डुकराच्या कातडीवर त्याचा उपयोग एवढाच की ते जास्त चवताळतं. पण एल.जी.चा छर्रा वर कोन करून सुटला तर सहा-सातशे मीटर जाऊ शकतो, सहा नंबरचा दोनशेच्या आसपास थांबतो. आपल्याकडे सहाशे मीटरमध्ये किती जागलीवाले बसलेले असतात ते मोजा. प्रत्येकाच्या मचाणाची दिशा संध्याकाळीच, उजेड असताना बघून ठेवायची, आणि त्या दिशेला बंदूक उचलायचीच नाही. दुनळीत बहुधा पुढचा चाप उजव्या, जरा मोकळ्या नळीचा असतो आणि मागचा डाव्या, तोंडाशी जास्त आवळलेल्या नळीचा. जवळच्यासाठी आधी पुढचा चाप. एकसंध गोळीचं काडतूस आवळलेल्या नळीत घालायचं असेल, तर ते चालतं असं बनवणाऱ्याने लिहिलेलं असल्याशिवाय घालू नका.

कमरेची चारही काडतुसं एकाच जातीची असावीत. दोन एल.जी., दोन सहा नंबर असा मेळ अंधारात हमखास उलटा पडतो.

फुसक्या काडतुसाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चाप ओढला, नुसता टक आवाज आला, तर लगेच बंदूक उघडू नका. कधी कधी बार उशिरा उडतो. जनावर समोर असेल तर दुसरी नळी वापरा. नसेल तर नळी मोकळ्या जमिनीकडे धरून किमान तीस सेकंद थांबा, मग उघडा. ते काडतूस परत भरायचं नाही आणि चांगल्यांच्या खिशात टाकायचं नाही.

काडतुसं फुसकी का होतात, तर बहुतेक वेळा आपणच करतो. चामड्याचा पट्टा दिसायला झोकदार, पण काडतुसं त्यात वर्षानुवर्षं राहिली की चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळी बूड कळकतं, जसं पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसं. तो हिरवा थर चेंबरमध्ये अडकतो आणि टरफल ओढून निघत नाही. पट्टा जागलीपुरता, घरी आल्यावर काडतुसं डब्यात. कागदी टरफल पावसाळ्यात ओल धरून फुगतं. बंदुकीला मारायचं पातळ तेल काडतुसावर पडलं तर ते बुडाच्या टोपीतून, म्हणजे पिन आपटल्यावर ठिणगी देणाऱ्या भागातून, आत झिरपतं, म्हणून तेलकट फडक्याने काडतूस पुसू नका. आणि उन्हाळ्यात काडतुसं मोटरसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे सावलीत पारा ४५च्या वर जातो, बंद गाडीत तर कितीतरी जास्त. तिथली काडतुसं त्याच दिवशी उडणार नाहीत, पण आतली बारूद लवकर जुनी होते.

हंगामाच्या आधी एक तपासणी करा. दुनळीची पुढची लाकडी मूठ काढून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा. आता त्या नळ्यांना चापही नाही आणि पिनही नाही. नेणार ती सहाही काडतुसं एकेक करून चेंबरमध्ये टाका. आपल्या वजनाने आत बसलं आणि नळी उलटी करताच बाहेर आलं तर चांगलं. बोटाने दाबावं लागलं तर ते बाजूला. नळ्या जोडलेल्या बंदुकीत घरात बसून हा उद्योग कोणी करू नये.

आता रिव्हॉल्व्हर. गावाकडे ती कमी असली तरी धान्याचा, कापसाचा व्यापार करणाऱ्यांकडे .३२ दिसते. सहा आत, सहा जादा, बस. जुन्या बनावटीत घोडा अडवणारी आतली कळ नसेल तर आत पाचच भरा आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवा. पिस्तुलाला एक जादा मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, हवं, पण ते गोळ्या वाढवायला नव्हे. पिस्तुलात सर्वात आधी दगा देणारा भाग मॅगझिन असतो. पत्र्याचे ओठ वाकतात, स्प्रिंग थकते, सरकी-रुईची धूळ आत बसते. .३२ पिस्तुलाच्या गोळीला बारीक कड असते. भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे राहील हे बघायचं, नाहीतर दोन्ही एकमेकींत अडकतात आणि पिस्तूल तिथेच बसतं. रिव्हॉल्व्हरची .३२ आणि पिस्तुलाची .३२ या वेगळ्या गोळ्या आहेत. डबीवरचं पूर्ण नाव वाचूनच घ्या.

.३१५ रायफल जागलीसाठी नकोच. तिची गोळी आपल्या सपाट शिवारात दोन गावं ओलांडू शकते.

भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, असेल तर जादा काडतुसांचा प्रश्नच बदलतो. तिथे टोप्या मोजायच्या. पाच-सहा टोप्या घट्ट झाकणाच्या डबीत, आणि घरीच मोजून ठेवलेल्या बारुदीच्या दोन-तीन छोट्या नळकांड्या. मोठ्या शिंगातून थेट गरम नळीत बारूद ओतू नये. आत एखादी ठिणगी शिल्लक असली तर अख्खं शिंग हातात पेटतं.

कायद्यातल्या काही गोष्टी या आकड्याशी थेट जोडलेल्या आहेत. ताडोबा, मेळघाट, पेंच, नागझिरा, बोर यांच्या आसपासच्या गावांनी हे नीट वाचावं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे आपली नोंदणी करावी लागते. कलम ३१ नुसार परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, वावराचा जवळचा रस्ता तिथून जात असला तरी. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌भावनेने जनावर मारलं गेलं तर कलम ११ संरक्षण देतं, पण तुम्ही त्या वेळी आधीच काही गुन्हा करत असाल तर देत नाही. मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. पिकासाठी रोही (नीलगाय) किंवा डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी आधी लागते. खिशातलं काडतूस ही परवानगी नव्हे.

माणसांबाबत भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ बघा. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क कोणालाच नाही. विहिरीवरच्या पंपाची केबल कापून पळणाऱ्याच्या पाठीवर छर्रे घालणं त्यात बसत नाही, आणि मग कमरेला चाळीस काडतुसं कशासाठी होती, हाही प्रश्न विचारला जाणारच.

सालदाराच्या हाती काडतुसांची पिशवी देऊन त्याला पुढे पाठवायची सवय मोडा. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ३ प्रमाणे तुमच्या वापरासाठी त्याने ती तुमच्या देखत किंवा तुमच्या लेखी चिठ्ठीवर नेली तर चालतं. तुम्ही घरी, तो वावरात, चिठ्ठी नाही, असं असेल तर गुन्हा त्याच्यावर येतो. जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे शस्त्र न्यायचं नाही, ही परवान्याचीच अट आहे. वरातीत बार काढणाऱ्यांसाठी २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहेत.

शेवटी हिशोबाची वही. साधी शाळेची चालेल. तारीख, नेली किती, उडाली किती, परत आली किती, फुसकी किती. रिकामी टरफलं वेगळ्या डब्यात. निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश आला तर काडतुसंही जमा करा आणि पावतीवर त्यांची संख्या लिहून घ्या. वावरात एखादं हरवलं तर सकाळी उजेडात धुरा शोधा, नाही सापडलं तर ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. काडतुसांची पिशवी काडतुसांपुरतीच ठेवा. तीच पिशवी पुढे कोणी नागपूर विमानतळावर नेली आणि शिवणीत अडकलेलं एक काडतूस तपासणीत दिसलं, तर विमान जातं आणि माणूस चौकीत बसतो. म्हणून जागलीहून आल्यावर चहाच्या आधी पिशवी उलटी करून झटकायची आणि सहा मोजायची.