मटण स्ट्रीटवरची गोरी फुलवाली

लग्न बोरिवलीला होतं, छान झालं, मठ्ठा पातळ होता. बाकी त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी गिरगावातल्या आत्याला घेऊन भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले. बाहेरची सगळी झुंबड राणीच्या बागेतल्या पेंग्विनांसाठी, त्यामुळे १८७२ साली उघडलेली ही देखणी इमारत निवांत पाहता आली. मुंबईच्या जातीजमातींच्या आणि कारागिरांच्या मातीच्या मूर्ती तिथे काचेआड उभ्या आहेत. आत्या म्हणाली, "बाई, शाळेच्या फोटोला उभे केल्यासारखे दिसतात." मला रावबहादूर धुरंधरांनी पोस्टकार्डांसाठी रंगवलेली मुंबईची माणसं आठवली. त्यांत थट्टा आहे, चाल आहे.

तिथून टॅक्सीने चोरबाजार. (शुक्रवारी जाऊ नका. जुन्या वस्तूंची दुकानं बंद, रस्त्यावर जुम्मा बाजाराची रेटारेटी.) मटण स्ट्रीटच्या एका दुकानात ग्रामोफोनच्या भोंग्यामागे एक छापील चित्र टांगलेलं: लंडनच्या रस्त्यावर प्रिमरोझची फुलं विकणारी पोरगी. इंग्रज चित्रकार फ्रान्सिस व्हीटलीच्या 'क्राइज ऑफ लंडन' या फेरीवाल्यांच्या चित्रमालिकेतलं. मूळ छापे १७९३ ते १७९७ दरम्यानचे. हा कागद मात्र फार तर माझ्या वयाचा असेल.

"ओरिजिनल है," चाचा म्हणाले.

आत्याने चष्मा सारखा केला. "ही दिवसभर फिरून फुलं विकते? झग्याला सुरकुती नाही, पायाला चिखल नाही. आमच्या चाळीत येणाऱ्या कोळणीला उभी कर हिच्याशेजारी!"

खरंच आहे. १६८७ साली निघालेल्या मार्सेलस लारूनच्या लंडनकर फेरीवाल्यांच्या चित्रांत फाटके कपडे, ओढलेले चेहरे दिसतात. व्हीटलीने शंभर वर्षांनी सगळ्यांना न्हाऊमाखू घातलं. मला ते गुळगुळीत गालच खटकतात. पण या चित्रांखाली फेरीवाल्याची आरोळी छापलेली असते, हे मी आत्याला सांगितलं मात्र, तिने भर दुकानात कल्हईवाल्याची हाक दिली. "कल्हैऽऽऽय!" मग बोहारीण, मग कापूस पिंजणाऱ्याच्या धनुकलीची टणटण. चाचा हसत सुटले आणि त्यांनी डब्बा-बाटलीवाला काढून दाखवला, तोही नाकातून, अस्सल. शेजारचा दुकानदार काय झालं म्हणून डोकावला.

मग भाव. चाचा म्हणाले अडीच हजार. आत्याने मला विचारलं, "खाली काय लिहिलंय?" म्हटलं, पेनीला दोन जुड्या.

"मग दोनशे द्या त्यांना," ती म्हणाली, "आणि दोन चित्रं मागा."

चाचांनी चित्र पुन्हा खिळ्याला टांगलं आणि आमच्यासाठी कटिंग मागवला.