प्रबंध, बुडीत कर्जं आणि एक चुकलेला शब्द

नगररचनेच्या प्रबंधासाठी मी विषय घेतला होता: बांधकामाची बुडीत कर्जं सरकार स्वतःकडे घेतं, तेव्हा शहराचं काय होतं? वर्षभरात उरकेल असं वाटलं होतं. अडीच वर्षं लागली, त्यातले आठ महिने एका शब्दापायी.

आयर्लंडने 2009 साली कायदा करून ‘नामा’ ही संस्था काढली. तिने बँकांकडची 74 अब्ज युरोंची कर्जं 31.8 अब्जांना उचलली. ‘सरकारने अर्धवट इमारती विकत घेतल्या’ असं लिहून मी मोकळी झाले आणि त्यावर आख्खा चॅप्टर रचला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ‘इमारती’भोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, “कुणाच्या नावावर?”

बिल्डरच्याच! घेतली होती ती कर्जं. मालक तोच, फक्त सावकार बदललेला. म्हणजे जिथे रस्ता, गटार, दिवे अर्धवट पडलेत तिथे सरकार उठून मिस्त्री पाठवू शकत नव्हतं. आधी कर्जदाराशी बोलणी, नाही जमलं तर रिसीव्हर (मालमत्ता ताब्यात घेऊन विकायला नेमलेला माणूस), मग विक्री. 2010 च्या सरकारी पाहणीत तिथे 2,800 हून जास्त अर्धवट वसाहती सापडल्या होत्या. (त्यातल्या बऱ्याच तर नामाच्या ताब्यातल्या कर्जांतल्या नव्हत्याच. हेही मला उशिरा कळलं.)

चॅप्टर फाडला. तक्त्यात ‘वसुली किती’च्या शेजारी नवा रकाना आखला: ‘कुलूप कधी उघडलं’, म्हणजे जागा वापरात कधी आली. पहिला रकाना वार्षिक अहवालांवरून दोन दिवसांत भरला. दुसऱ्यासाठी जुनी उपग्रह-चित्रं, बांधकाम परवाने, नगर परिषदांची इतिवृत्तं असं चाळत बसले. डोळे गेले अक्षरशः.

अमेरिकेच्या रिझोल्यूशन ट्रस्ट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने 1989 ते 1995 मध्ये 747 बुडालेल्या बचतसंस्था निकालात काढल्या. घाई होतीच, पण कायद्याने एक अट घातली होती: त्यांतून हाती आलेली ठरावीक घरं आधी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना आणि ना-नफा संस्थांना दाखवायची. स्पेनची ‘सारेब’ ही नामासारखीच संस्था, 2012 ची. तिथल्या सरकारने परवडणाऱ्या भाड्यासाठी तिची 50,000 घरं जाहीर केली ती 2023 साली, आणि त्यात आधीच लोक राहत असलेली, शिवाय पुढे बांधायची घरंही मोजली होती. हा आकडा मी आधी जसाच्या तसा उतरवला होता. एव्हाना मॅडमच्या पेन्सिलीची धास्ती बसली होती, म्हणून स्वतःच खोडला.

व्हायव्हात परीक्षकांनी डब्लिनच्या नॉर्थ वॉल की या नदीकाठच्या रस्त्यावरचा एक फोटो पुढे केला. अँग्लो आयरिश बँकेच्या नियोजित मुख्यालयाचा तो सांगाडा. बँक बुडाली, काम थांबलं, पुढे देशाच्या मध्यवर्ती बँकेनेच तो घेऊन पुरा केला आणि 2017 मध्ये ती तिथे राहायला गेली.

“मग हे यश म्हणायचं का?” त्यांनी विचारलं.

“खतावणीत हो,” मी म्हणाले, “पण तेवढी वर्षं नदीकाठच्या त्या पट्ट्याने कुंपण सोसलं, त्याची नोंद कुठल्याच खात्यात नाही. शिवाय तिथे काय व्हावं हे शहराने ठरवलं नाही, गिऱ्हाईक कोण मिळालं त्यावरून ठरलं.”

त्यांनी मान हलवली, पटलं की नाही कळलं नाही. किरकोळ दुरुस्त्यांसह प्रबंध मंजूर झाला. दुरुस्त्यांच्या यादीत पहिलीच होती प्रस्तावनेतली ओळ. तिथे ‘इमारती’ तशाच राहून गेल्या होत्या.