मेथीची जुडी आणि आजीचे हात

रविवार, रात्री साडेदहा

इंटरमीजिएटची, म्हणजे चित्रकलेची सरकारी परीक्षा महिन्यावर आली, तसे घरातले सगळे लेकीच्या चित्रांची चौकशी करू लागलेत. ए ग्रेड आली तर दहावीला ७ गुण वाढतात, बीला ५ आणि सीला ३, हे आता सर्वांना पाठ आहे. काल नणंदेचा फोन आला. म्हणाली, "वहिनी, करून घ्या तिच्याकडून. सात मार्क म्हणजे काही कमी नाहीत." तिचं बरोबरच आहे. पण पोरगी तिसरीत असल्यापासून वहीच्या मागच्या पानांवर गायी-म्हशी काढत आली, तेव्हा तिला या मार्कांची कल्पनाही नव्हती. परीक्षा संपली की पेन्सिल माळ्यावर जाणार असेल, तर ते सात मार्क मला फार महागात पडलेले वाटतील.

आज सकाळी तिने स्वयंपाकघरातच सराव मांडला. पितळेचा तांब्या, दोन कांदे, मागे निळं फडकं. मी पोळ्या आवरून सहज शेजारी टेकले, तर म्हणाली, "आई, खाली बस. डोळा तांब्याच्या काठाच्या सरळ रेषेत आण." बसले. मघाशी दिसत होतं ते तांब्याचं गोल तोंड मिटत मिटत नुसती आडवी रेघ झालं. "आता हळूहळू उठ." उठत गेले तसं तोंड उघडत गेलं. मग तिने सांगितलं, की आपण वरून पाहतो तेव्हा तोंडापेक्षा बुडाचा लंबगोल जास्त गोल दिसतो, कारण तो डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली असतो. बहुतेक मुलं बूड सरळ रेघेने काढतात आणि मग तांब्या फळीत रुतल्यासारखा दिसतो. हे तिला शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी शिकवलं. तो तांब्या मी लग्नापासून रोज घासते आहे, पण तो असा कधी पाहिला नव्हता.

मला वाटतं, या वयाच्या मुलांना पाहिजे असतं ते हेच. आपण कौतुक तर सगळेच करतो. "वा, छान!" म्हणून चित्र परत हातात देतो, आणि मूल तिथेच एकटं पडतं. दुपारी तसंच झालं. सासूबाई ओट्याला पाठ लावून मेथी निवडत होत्या, ते तिने काढलं. बाबा म्हणाला, "अगदी आजी दिसतेय!" आजीही हरखल्या. लेकीचा चेहरा मात्र उतरलेलाच. मी तिला विचारलं, "तुला काय जमलं नाही असं वाटतंय?" म्हणाली, "हात." मग आम्ही दोघी आजींच्या हातांकडे बघत बसलो. डाव्या मुठीत जुडी, उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट पानं खुडतंय, बाकीची तीन बोटं आत वळलेली. संधिवातामुळे अंगठ्याचा सांधा फुगलेला. तिने चित्रात पाचही बोटं सुटी, सरळ काढली होती. पंधराएक मिनिटांत तिने कोपऱ्यात नुसते हात पुन्हा काढले, आणि तो फुगलेला सांधा कागदावर बरोबर उतरला. आजी म्हणाल्या, "अगं, हे कशाला दाखवतेस?" पण मग बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिल्या.

यात माझं चित्रकलेचं ज्ञान कुठेच लागलं नाही. मला साधी केळीही काढता येत नाही. शेजारी बसायचं, तिच्याबरोबर त्याच वस्तूकडे बघायचं आणि एखादा खरा प्रश्न विचारायचा, एवढं कोणत्याही आईबापाला जमेल.

फोनवरून बघून ती ॲनिमेची, म्हणजे जपानी कार्टूनची चित्रं काढते, त्यावर बाबाची कुरकुर असते. मी ते थांबवणार नाही. त्या मोठ्या डोळ्यांच्या मुली गिरवता गिरवताच तिचा हात स्थिर झाला, न थांबता लांब रेघ ओढायची सवय लागली. फक्त समोरचं, हलतं, जिवंत काहीतरीही रोज काढावं, एवढाच माझा हट्ट आहे. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना तिने छोट्या वहीत काढलेली माणसं माझी सगळ्यात आवडती. पिशवीवर डोकं ठेवून झोपलेल्या बाईची तर चारच रेघांत पाठ दिसते.

मे महिन्यात तिला औंधला नेलं होतं. यमाईच्या डोंगरावरचं ते भवानी संग्रहालय आपल्याच जिल्ह्यात आहे, पण आपल्यातले बरेचजण दर्शन घेऊन परत फिरतात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि १९३८ साली त्यांनी हे उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत. कॅलेंडरांवर पाहिलेलं चित्र आणि समोरचं चित्र यांत केवढा फरक! लेक साडीच्या काठाजवळ जाऊन उभी राहिली, मग चार पावलं मागे, पुन्हा जवळ. म्हणाली, "आई, जवळून नुसते रंगाचे ठिपके आहेत आणि लांबून जरीचा काठ दिसतो." इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे दगडी शिल्पही तिथे आहे. तिला ते आवडलं नाही, तसं तिने सांगून टाकलं. मला त्याचा आनंद झाला. स्वतःची आवड-नावड असणं हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे.

आता प्रश्न दहावीचा. पुढच्या वर्षी क्लास, सराव परीक्षा, सगळं सुरू होईल, आणि "एक वर्ष चित्रं बंद ठेव" हा सल्ला आत्ताच येऊ लागलाय. शाळेत तर चित्रकलेच्या तासाला अधूनमधून गणित घेतलं जातंच. या वयात वर्षभर हात थांबला तर तो पुन्हा सुरू होईलच असं नाही, ही भीती मला खरीच वाटते. म्हणून आज जेवताना बाबाशी बोलले. रात्रीचा अर्धा तास तिचा, परीक्षेच्या आदल्या दिवशीही. तो काळजीने म्हणाला, "पुढे यावर पोट भरेल का?" काळजी रास्त आहे. मी त्याला एवढंच सांगितलं, की ते आज ठरवायचं नाही. बारावीनंतर सीईटी देऊन चार वर्षांचं बीएफए, म्हणजे कलेची पदवी करता येते, मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय १८५७ पासून उभं आहे, ॲनिमेशन आहे, पुस्तकांची चित्रं आहेत. तिला वाटलं तर त्या वाटेने जाईल, नाहीतर डॉक्टर होऊनही काढत राहील. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "ड्रॉइंग बोर्ड लहान पडतोय तिला. मोठा आणू का?"

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला जायचं ठरतंय. राजारामपुरीत चंद्रकांत मांडऱ्यांच्या घरातलं संग्रहालय बघायचं. सिनेमातला हा नट केवढी चित्रं काढायचा हे तिला माहीतच नव्हतं. चित्रकार आबालाल रहमान यांनी तिथला रंकाळा तलाव रंगवला, हे सरांनी सांगितल्यापासून तिला तिथेच काठावर बसून जलरंगात काम करायचंय. सकाळी सहाला पोचायचं म्हणते, उन्हं यायच्या आत. मामाला फोन करून मुक्कामाचं विचारायला हवं.