मानपत्राचा मसुदा

रविवार, रात्री उशिरा

सरांच्या सत्काराचं मानपत्र लिहायचं काम समितीने माझ्याकडे दिलंय. सर नव्वदीला टेकलेत. उभा जन्म अठराव्या शतकातल्या मोडी कागदांत गेला त्यांचा. नमुन्यादाखल काही जुनी मानपत्रं मिळाली होती, ती आज वाचून काढली. सगळीकडे तेच शब्द. ‘ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’, ‘चालताबोलता ज्ञानकोश’, ‘निःस्पृह ज्ञानोपासक’. शब्द खोटे नाहीत, सरांनाही शोभतील. पण एकाचं नाव खोडून दुसऱ्याचं घातलं तरी मजकूर तसाच्या तसा चालून जातो, आणि हेच मला खुपतंय. वैज्ञानिकाचा गौरव असला की त्याने काय शोधलं ते आधी सांगतात. इतिहासकाराचा साधेपणा सांगतात, स्मरणशक्ती सांगतात, पायपीट सांगतात. त्याला काय सापडलं ते राहूनच जातं.

सरांनी काय केलं? मुख्यतः पत्रांची वर्षं ठरवली. ऐकायला हे किरकोळ वाटेल, म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

पेशवेकालीन पत्राच्या शेवटी पुष्कळदा ‘छ ७ सफर’ एवढंच असतं. ‘छ’ म्हणजे चंद्र, चांद्र महिन्यातली तारीख. तारीख आहे, हिजरी महिना आहे, वर्षाचा पत्ता नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू वर्ष ठाऊकच होतं, ते कशाला लिहितील? अडीचशे वर्षांनी आपण अडतो. अशा पत्रात नदीला पूर आलाय, फौजेला उतार मिळत नाही, असा उल्लेख आला की सर तिथे थांबत. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे सफर महिना सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. म्हणजे भर पावसाळ्यातला सफर मोजक्याच वर्षांत सापडणार. मग वार दिला असेल तर तो जुळतो का बघायचं. पत्रात नाव आलेला सरदार तेव्हा हयात होता का? त्याच मजकुराचं दुसरं पत्र आणखी कुठल्या दप्तरात आहे का? एकेका पत्रापायी आठवडेच्या आठवडे जात.

आणि वर्ष एकदा ठरलं की मागच्यापुढच्या पत्रांची सगळी रांगच हलते. जे पत्र एखाद्या स्वारीचा परिणाम म्हणून सगळे सांगत आले, ते स्वारीच्या आधीचं निघतं. मग कोणी कोणाला डिवचलं, पैसा आधी थकला की फौज आधी निघाली, हे सगळं नव्याने मांडावं लागतं. आज त्या काळावर लिहिणारा प्रत्येक जण सरांनी ठरवलेली वर्षं वापरतो. तळटीपेत मात्र छापील खंडाचं नाव येतं, सरांचं येत नाही. निदान मानपत्रात तरी ते यायला हवं. मी त्यासाठी हट्ट धरणार आहे.

सत्कार कोणत्या वयात करावा हा आणखी एक प्रश्न. इतिहासकार गो. स. सरदेसाई १९२५ साली बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा साठीला आले होते. ‘पेशवे दप्तरा’तल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले ते त्यानंतर, १९३० ते १९३४ या काळात. मराठ्यांचा इंग्रजीतला तीन खंडी इतिहास तर ऐंशी ओलांडल्यावर. पां. वा. काण्यांचंही तसंच. ‘व्यवहारमयूख’ या जुन्या धर्मशास्त्रग्रंथाचं संपादन करता करता धर्मशास्त्राच्या इतिहासाचा विषय हाती आला, तो फुगत गेला. पहिला खंड १९३० चा, पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ चा. पुढच्याच वर्षी भारतरत्न. काम पुरं झालं आणि ते बघायला काणे होते, ही गोष्ट मला फार समाधान देते.

इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांच्या वाट्याला ते आलं नाही. शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधनं एवढंच मागे ठेवून ते १९६३ साली गेले. त्या अपुऱ्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६६ साली मिळाला. मिळाला हे चांगलंच झालं. पण ‘पानिपत: १७६१’ १९४६ सालीच छापून झालं होतं, तेव्हा कोणाला सुचलं असतं तर?

सन्मान कोणी करावा याबद्दल मला इतिहासकार रोमिला थापर यांची भूमिका पटते. त्यांनी पद्मभूषण दोनदा नाकारलं, १९९२ मध्ये आणि २००५ मध्ये. शैक्षणिक संस्था किंवा आपल्या व्यवसायाशी संबंधित संस्था यांच्याकडूनच सन्मान घेईन, असं त्यांनी कळवलं होतं. २००८ साली पीटर ब्राउन यांच्याबरोबर विभागून मिळालेला क्लूगे पुरस्कार, मानव्यविद्यांतल्या अभ्यासासाठीचा, त्यांनी घेतला. सरकारी सन्मान घेणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, काण्यांना कोण कमी लेखेल? पण ज्यांनी आपलं काम वाचून तपासलंय त्यांच्या हातून मिळालेल्या कौतुकाला वेगळं वजन असतं.

गौरवग्रंथाचंही चाललंय. समितीच्या यादीत निम्मे लेख आठवणींचे आहेत. संध्याकाळी सरांना फोन केला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “तिचा लेख घेतलाय ना?” ती म्हणजे त्यांच्या एका कालनिर्णयावर जाहीर आक्षेप घेणारी तरुण अभ्यासक. एका पत्राचं वर्ष सरांनी ठरवलं त्याच्या दोन वर्षं पुढचं असलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी जरा घुटमळले. सर म्हणाले, “तिने हस्ताक्षरावरून मुद्दा काढलाय, मी फक्त मजकुराकडे पाहिलं होतं. तो छापा. नसेल छापायचा तर ग्रंथाला माझी संमती नाही, असं सांग त्यांना.”

समितीला निरोप दिलाय. तिलाही आताच पत्र लिहिलं: लेख पूर्ण हवा, पत्राच्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह, आणि सरांचं नाव आहे म्हणून एकही मुद्दा सौम्य करू नकोस.