हसली, पण कशी?

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना एका ओळीपाशी मी दोन दिवस अडले. ओळ साधी होती. शिक्षक फळ्यावर लिहिता लिहिता चुकतात आणि मागच्या बाकावरची दोन मुलं 'स्निगर' करतात. पहिल्या खर्ड्यात मी 'हसली' असं लिहून पुढे गेले होते. संपादकांनी समासात दोनच शब्द लिहिले: कशी हसली?

विचारलं ते बरोबरच होतं. 'स्निगर'मध्ये दाबलेला आवाज आहे, आणि दुसऱ्याची फजिती बघून झालेला आनंदही आहे. (अमेरिकेत हेच बहुधा 'स्निकर' होतं.) मी 'फिदीफिदी' लिहून पाहिलं, पण फिदीफिदी हसणारा काही लपवत नाही. 'तोंड दाबून' लिहिलं, तर त्यातला खवचटपणा गेला. शेवटी 'खुसुखुसू हसली' सुचलं आणि तो वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला. खाली घातलेल्या माना, हलणारे खांदे, सगळं.

तेव्हापासून हे शब्द मी कान देऊन वाचते. इंग्रजीत हसण्याची तऱ्हा बहुतेकदा क्रियापदाच्या पोटातच असते. आपण 'हसणे' तेच ठेवतो आणि त्याच्या आधी आवाज लावतो: खुदकन, खळखळून, खदाखदा, खो खो. 'खिदळणे'सारखं स्वतंत्र क्रियापद आपल्याकडे क्वचितच. म्हणून इंग्रजीतला एक शब्द मराठीत आणताना कान आधी लागतो, शब्दकोश नंतर.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'चकल'. त्याला सर्रास 'गालातल्या गालात हसणे' लावतात, आणि मला ते पटत नाही. गालातलं हसू मुकं असतं. 'चकल'ला आवाज आहे: बारीक, छातीतून येणारा, ओठ जेमतेम उघडलेले. कोंबडीच्या कुकचुकण्याशी नातं सांगणारा हा शब्द आज मात्र निवांत, स्वतःशीच हसणाऱ्या माणसाचा झाला आहे. 'खुदकन' लिहावं तर समोर लहान मूल येतं. पत्र वाचता वाचता हसणाऱ्या म्हाताऱ्यासाठी मी 'घशातल्या घशात हसले' लिहिते.

'गिगल' म्हणजे आवरता न येणारं, बारीक आवाजातलं, पुन्हा पुन्हा उसळणारं हसू. ते कोणालाही येतं, भीतीनेसुद्धा. पण कथांमध्ये बायका 'गिगल' करतात आणि पुरुष 'चकल', हे इतक्या वेळा वाचलंय की आता खटकतं. समंजस, वयस्क बाईसुद्धा विनोद ऐकून 'गिगल'च का करते? आपणही काही वेगळं करत नाही, 'काय खिदळताय?' हा दम मुलींनाच जास्त मिळतो. अशा जागी मी ती बाई कोण आहे ते आधी बघते आणि मग तिचं हसू ठरवते.

'गफॉ' त्या मानाने सोपा. स्कॉटलंडकडून आलेला, आवाजावरूनच घडलेला शब्द. सात मजली हसण्याचा भारदस्तपणा त्यात नाही. तो अचानक फुटतो, जरा ओबडधोबड असतो. 'खो खो' चालून जातं. 'कॅकल' हा अंडं घातलेल्या कोंबडीचा कलकलाट, आणि म्हणूनच गोष्टीतल्या चेटकिणीचाही. 'स्मर्क'ला आवाजच नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसतं हसणं एवढाच होता. त्यात आत्मसंतुष्टपणा नंतर शिरला.

माझा जीव अडकलाय तो 'चॉर्टल'मध्ये. हा शब्द लुईस कॅरोलने १८७१ साली आरशापलीकडच्या अ‍ॅलिसच्या गोष्टीतल्या एका कवितेत घडवला. 'चकल' आणि 'स्नॉर्ट', म्हणजे घशातलं हसू आणि नाकातला फुत्कार, यांचा तो सांधा मानतात. एका माणसाने कवितेसाठी घडवलेला शब्द आज इंग्रजीत सहज वापरला जातो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हातातल्या कथेच्या शेवटी आजोबा 'चॉर्टल' करतात. सध्या खर्ड्यात आहे: 'नाकातून फुर्रकन हवा सोडत आजोबा घशातल्या घशात हसले.' आवाज आला, पण आनंद राहून गेला. ती ओळ खोडली आहे, आज पुन्हा बसणार आहे.