पोतदार म्हणजे कोणातले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बँकेत विचारलंत, लग्नाच्या पंगतीत विचारलंत, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी विचारलंत. एकदा दवाखान्यात शेजारी बसलेल्या आजींनी स्वतःचा खोकला थांबवून विचारलं, "पोतदार म्हणजे नक्की कोण गं?" पूर्वी मी हा प्रश्न सरळ घ्यायचे आणि इतिहास सांगायला लागायचे. दुसऱ्या वाक्यालाच समोरच्याचा चेहरा उतरायचा.

तरी इतिहास आधी सांगणारच आहे. एक तर मला तो आवडतो, आणि इथे तुम्हाला मध्येच "बरं, ते जाऊ दे" म्हणता येणार नाही.

पोतं म्हणजे सरकारी खजिना. शब्द फारसीतून आला. मोगलांच्या परगण्यात खजिनदाराला फोतादार म्हणत. आपल्याकडे पोतदाराचं मुख्य काम खजिन्यात भरणा होणारं नाणं पारखण्याचं. आज हे काम किरकोळ वाटेल, पण पेशवाईत 'रुपया' म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, कुठला? अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती. प्रत्येकाची चांदी वेगळी आणि बट्टाही, म्हणजे नाणं बदलताना होणारी कपात, वेगळा. शेतसाऱ्याचा रुपया आला की तो वाजवून बघायचा, कानस मारून कडा खाल्ल्यात का ते बघायचं, पोटात शिसं भरलेलं नाही ना याची खात्री करायची, तोलायचा. जुन्या रुपयांवर बादशहाच्या नावाच्या अक्षरांवरच बारीक ठसे मारलेले दिसतात, ते अशाच पारख्यांचे आणि सराफांचे. पाटलानं वसूल आणायचा, कुलकर्ण्यानं लिहायचा, आणि यानं म्हणायचं, "हा चालणार नाही." गावात त्याच्याबद्दल फार प्रेम असेल असं मला वाटत नाही.

१८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया आणला. वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी, यंत्रावर पाडलेला. जुनी नाणी पुढेही बरीच वर्षं बाजारात फिरली, पण पारखण्यासारखं कमी कमी होत गेलं. काम सरलं आणि आडनाव तेवढं उरलं.

आता हे काम करायचं कोण? मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात पोतदाराचे दोन अर्थ एकापाठोपाठ दिलेत: खजिन्याचं नाणं पारखणारा अंमलदार, आणि गावचा सोनार. गावोगाव ही पारख सोनाराकडे असायची, कारण चांदी त्यालाच कळायची. काही ठिकाणी ती ब्राह्मण घराण्यांकडे होती. म्हणून आजही कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या सराफकट्ट्यांवर पोतदार सापडतात, आणि १९३९ साली नगरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष दत्तो वामन हेही पोतदारच. रामगढ शेखावाटीचे मारवाडी पोद्दार आहेत, बंगालात पोद्दार आहेत. शब्दाचं मूळ एक, सोयरीक शून्य. (आणि नाही, पोद्दारांच्या शाळा आमच्या नाहीत. असत्या तर मी फी भरली नसती.)

तर पोतदार म्हणजे एक हुद्दा. तो कोणाकडे होता हे गावावर अवलंबून.

"ते समजलं हो," तुम्ही म्हणता. "पण तुम्ही?"

बघा, आलोच आपण तिथे.

नोकरी लागल्यावर मी पुण्यात खोली शोधत होते. एका जुन्या पेठेत वयस्कर जोडप्याच्या घरात वरच्या मजल्यावर खोली रिकामी होती, गॅलरी होती, पाण्याची वेळ चांगली होती. काकूंनी कॉफी केली आणि समोर बसल्या.

"पोतदार म्हणजे कुठले?"

"सांगली जिल्ह्यातले. विट्याजवळचे."

"कुलदैवत?"

"पालीचा खंडोबा."

खंडोबा सगळ्यांचाच, त्यामुळे तिथे काही हाती लागलं नाही. मग गणपती किती दिवसांचा, भाऊ आहे का, त्याची मुंज झाली का, आमटीत गूळ घालता का. भाऊ मला नाही. गुळाचं मी हो म्हणाले. काका इतका वेळ पेपर वाचत होते, ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "दत्तो वामन तुमच्यातलेच की!" मी हसले. नुसती हसले. काकूंनी त्या हसण्याचा त्यांना हवा तो अर्थ घेतला आणि माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. अनामत रक्कम दुसऱ्या दिवशी दिली.

पुढचे दिवस झकास गेले. काकू थालीपीठ पाठवायच्या, काका पेपरातली कात्रणं. मग गावाहून आई आली. येताना खलबत्त्यात कुटलेली शेंगदाण्याची चटणी आणली होती, त्यातला एक डबा घेऊन ती आपणहून खाली गेली. माझ्या आईला जिना उतरला की माणसं लागतात. बराच वेळ गप्पांचा आवाज येत होता. वर आली तेव्हा म्हणाली, "बाई चांगल्या आहेत. माझं माहेरचं आडनाव विचारलं, ते सांगितलं, आणि मग एकदम गप्पच झाल्या बघ. त्यांना बरं वाटत नव्हतं का?"

आईच्या माहेरचं आडनाव पोतदारासारखं नाही. ते ऐकल्यावर पुढे काही विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आमच्या दाराबाहेर ठेवलेला होता. भरलेला. झाकणावर आईनं बांधलेला दोरासुद्धा तसाच. आठवडाभरात काकांनी खाली बोलावलं. मुलगा अमेरिकेहून येतोय, त्याला खोली लागेल, घाई नाही, पण महिनाअखेरपर्यंत बघा. अनामत पैन् पै परत दिली, विजेचे पैसे वजा करून, कागदावर हिशेब मांडून. व्यवहाराला माणसं चोख होती, हे मी आजही सांगते.

सामान बांधताना आईनं विचारलं, "मी काही चुकीचं बोलले का गं?"

मी म्हटलं, "नाही. त्यांचा मुलगा येतोय."

तिनं ते खरं मानलं की मानल्यासारखं दाखवलं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायला ती नाही.

त्या वेळच्या मुलीशी माझं अजून भांडण चालतं. मी तिला म्हणते, हसलीस कशाला? तिथेच सांगितलं असतंस तर कॉफी निवायच्या आत बाहेर पडली असतीस आणि आईवर ही वेळ आली नसती. ती म्हणते, मला खोली हवी होती. त्यांनी आडनाव विचारलं, मी खरं सांगितलं. जात त्यांना तोंडानं विचारता येईना, ती मी आपणहून ताटात वाढायची? कधी मला तिचं पटतं. कधी मला आठवतं की काकांनी दत्तो वामन काढले तेव्हा तिला आतून थोडं बरंही वाटलं होतं. हे ती कबूल करत नाही.

ही सगळी आजकालची भानगड आहे असं मात्र समजू नका. १७७९ साली मुंबईच्या सोनारांनी 'नमस्कार' म्हणू नये असा हुकूम कंपनी सरकारनं काढला होता, कारण पेशव्यांच्या दरबारातून तक्रार होती की हे ब्राह्मणांसारखा नमस्कार करतात, ब्राह्मणांसारखं धोतर नेसतात. बाबासाहेबांनी १९३६च्या आपल्या न झालेल्या भाषणात, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, हा दाखला दिलाय. एका शब्दावरून हुकूम! यावरून मी कोण याचा अंदाज बांधायला लागला असाल तर थांबा. मी हे कोणीही असले तरी सांगितलंच असतं.

उलट्या बाजूचेही अनुभव आहेत. ऑफिसात एकीनं मला न विचारताच ठरवलं की आमची पेढी असणार, आणि बांगड्यांच्या मजुरीत सूट मागितली. गंमत म्हणजे आमच्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली हजारो माणसं देशभर गलाईच्या धंद्यात आहेत, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करतात. त्यात मराठे आहेत, बाकीचेही आहेत. धातूची पारख आज त्यांच्या हातात आहे, पण त्यांचं आडनाव जाधव किंवा शिंदे असल्यामुळे त्यांना कोणी मजुरीचं विचारत नाही.

"मग सांगून का टाकत नाहीस? लाज वाटते का?" असंही विचारतात. लाज नाही. दाखल्यावर जात आहे, जिथे कायद्यानं लिहायची तिथे मी लिहिते. पंगतीत मात्र नाही सांगणार, आणि इथेही नाही. यावर मी बरीच ठाम होते. मग एक मैत्रीण म्हणाली, "तुला झाकायला आडनाव तरी आहे. माझं ऐकल्यावर घरमालक कुलदैवतापर्यंत येतच नाहीत, खोली आधीच गेलेली असते." तिच्यापुढे माझा सगळा बाणेदारपणा चैनीचा वाटायला लागतो. तरी मी सांगत नाही. का, ते तिलाही नीट पटवता आलेलं नाही.

आणि आता आमच्या ऑफिसात गोकाककडचा एक पोतदार आलाय, पोरगेलासा, कानडी हेलाचं मराठी बोलणारा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मला विचारलं, तुमचा कोण? कोणी नाही म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याच टेबलावर येऊन बसला, आणि डबा उघडायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "तुमचं कुलदैवत कुठलं?"

तो म्हणाला, "मॅडम, तुमचं आधी सांगा."

मी सांगितलं, खंडोबा. तो म्हणाला, "हां, तो तर सगळ्यांचाच," आणि जेवायला लागला. त्याच्याबद्दल मला अजून काही कळलेलं नाही. कळून घ्यायचंय.